सात नॅनोमीटरची करामत

२००५च्या आगेमागे गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीसारख्या तालुक्याच्या गावात लग्न झालं की महिन्या-दोन महिन्यांनी घरात एक सीडी यायची. डबीवर बदामात बसवलेले नवरा-नवरी, आत चकाकणारी चकती. बहुतेक वेळा ती सुरळीत चालायची. पण कुणाचा तरी कॉलेजात शिकणारा भाचा सांगायचा, “मामा, आरडब्ल्यू घ्या, पुसून पुन्हा वापरता येते.” मामा चार पैसे जास्त मोजायचे, चित्रीकरण त्या चकतीवर उतरवून आणायचे, घरच्या प्लेअरमध्ये घालायचे आणि समोर अख्खा गोतावळा बसलेला असताना टीव्हीवर दोन शब्द उमटायचे: ‘नो डिस्क’. चकती आत आहे, फिरण्याचा आवाज येतोय आणि यंत्र म्हणतंय, इथे काहीच नाही. तीच चकती स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मात्र विनातक्रार चालायची. मग मामा आणि स्टुडिओवाला यांच्यात जे व्हायचं ते व्हायचं.

खरं तर दोघांचंही चुकलेलं नसायचं. जुन्या प्लेअरची समजूत अशी की चकतीवर टाकलेल्या लेसरच्या प्रकाशापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत आला पाहिजे. आरडब्ल्यू चकती परत पाठवते फक्त १५ ते २५ टक्के. एवढ्या अंधूक उजेडाला प्लेअर चकती मानायलाच तयार नसे. हा उजेड अडवणारा पापुद्रा चकतीच्या पोटात, अॅल्युमिनियमच्या आरशापुढे बसवलेला असतो. जाडी साधारण २० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे तीन हजारांहून जास्त पापुद्रे एकावर एक रचता येतील. लग्नाच्या त्या चकत्या आता माळ्यावर गेल्या, प्लेअर भंगारात गेले. त्या पापुद्र्याची गोष्ट मात्र संपायच्या ऐवजी आत्ता कुठे रंगात आली आहे.

आधी एक फरक सांगतो. गाण्यांची जी सीडी बाजारात विकत मिळायची तिच्यात साच्याने दाबून सूक्ष्म खड्डे पाडलेले असत. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असे. लेसर तो जागोजागी भाजून काढी, आणि भाजलेलं परत कच्चं होत नाही. आरडब्ल्यूत ना खड्डे, ना भाजणं. तिच्यातल्या पापुद्र्यात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं मिश्रण असतं. लिहिताना त्यात काही मिसळलं जात नाही, पुसताना त्यातून काही काढलं जात नाही. अणू तेच, तेवढेच आणि जवळपास तिथेच. बदलते ती त्यांची आपसातली मांडणी. एका मांडणीत पापुद्रा जास्त चकाकतो, दुसरीत मंद दिसतो. लग्नाचा सगळा सोहळा, सनईपासून पाठवणीपर्यंत, या चकाकण्या-मंदावण्याच्या ओळींत लिहिलेला असे.

ही मांडणी बदलायची कशी, ते स्वयंपाकघरात ज्याने साखरेचा पाक केला आहे त्याला अर्धं ठाऊकच आहे. पाक सावकाश, न हलवता निवू दिला तर दोऱ्यावर खडीसाखर धरते. रेणूंना रांगेत बसायला सवड मिळते. तोच पाक थंड ताटात झटकन ओतला तर काचेसारखी कडकडीत वडी होते. रेणू जिथे होते तिथेच थिजतात. पदार्थ एकच, घट्टपणा दोन जातींचा: एक स्फटिकी, एक अस्फटिकी. पापुद्र्याचं काम याच तत्त्वावर चालतं, फक्त घाई कल्पनेपलीकडची. लेसर जोरात लावला की एक मायक्रोमीटरभर रुंदीचा ठिपका पाचशे-सहाशे अंशांच्या वर जाऊन वितळतो. लेसर बंद होताच शेजारचा धातूचा थर उष्णता ओढून घेतो आणि ठिपका सेकंदाला अब्ज अंश या वेगाने निवतो. अर्थात सेकंदभर नव्हे, काही अब्जांश सेकंदच. अणूंना रांग धरायला वेळच मिळत नाही. अस्ताव्यस्त थिजलेला, मंद ठिपका तयार. पुसायचं असेल तेव्हा लेसर मध्यम ठेवायचा. ठिपका दोनशे अंशांच्या आसपास तापतो, वितळत नाही, पण अणूंना हालचाल करण्यापुरती ऊब मिळते आणि ते मुकाट्याने रांगेत परततात. वाचायचं असेल तर लेसर इतका हलका की कुणाला धक्काच लागू नये. जोरात, मध्यम, हलका: लिहिणं, पुसणं, वाचणं. असं साधारण हजार वेळा करता येतं.

यातली मला फार आवडलेली एक बारीक गोष्ट आहे. हा पापुद्रा कारखान्यात बनतो तेव्हा तो मुळात अस्ताव्यस्तच असतो. निर्वात पेटीत मिश्रधातूची वडी ठेवतात, तिच्यावर अर्गॉन वायूचे विद्युतभारित कण आदळवतात, आणि वडीतून उडालेले अणू समोरच्या चकतीवर जाऊन बसतात. जिथे आदळले तिथेच चिकटले. म्हणून कोरी आरडब्ल्यू विकायला पाठवण्याआधी कारखान्याला तिच्यावरून एक रुंद लेसर फिरवून सगळ्या अणूंना एकदा रांगेत बसवावं लागतं. दुकानातून ‘कोरी’ म्हणून घेतलेली चकती खरं म्हणजे एकदा पूर्ण पुसून काढलेली असते!

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, अणू रांगेत बसले काय किंवा विस्कटले काय, प्रकाशाला त्याचं काय? शंका अगदी बरोबर आहे. बहुतेक पदार्थांत प्रकाशाला खरंच फारसा फरक पडत नाही. गारगोटीतला स्फटिक घ्या आणि तीच सिलिका वितळवून केलेली काच घ्या. प्रकाशाचा वेग किती मंदावतो हे सांगणारा अपवर्तनांक पहिल्याचा १.५४, दुसरीचा १.४६. दोन्ही पारदर्शक, हातात घेतल्या तरी ओळखू येऊ नयेत. आता जर्मेनियमचे दोन, अँटिमनीचे दोन आणि टेल्युरियमचे पाच अशा प्रमाणात अणू असलेलं मिश्रण घ्या. संशोधक त्याला रासायनिक चिन्हांच्या आद्याक्षरांवरून ‘जीएसटी’ म्हणतात. व्यापाऱ्यांनी दचकू नये, कराशी संबंध नाही. दूरसंचारात वापरतात त्या अवरक्त प्रकाशासाठी या जीएसटीचा अपवर्तनांक विस्कटलेल्या अवस्थेत चारच्या आसपास असतो आणि रांगेत बसल्यावर तो सहाच्याही वर जातो. प्रकाश शोषून घेण्याचं प्रमाण तर कितीतरी पटींनी वाढतं. काचेत ०.०८चा फरक, इथे दोनाहून जास्त. एकाच पदार्थाने इतका मोठा पालट दाखवावा हे अपवादात्मक आहे.

याचं कारण अणूंना जोडणाऱ्या बंधांत आहे. रांगेत बसलेल्या जीएसटीत शेजारशेजारच्या अणूंचे इलेक्ट्रॉन एका सरळ रेषेत येतात आणि मग ते कुणा एका बंधाचे न राहता अनेक अणूंत सामाईक होतात. असे सैलसर इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर जोरात डोलतात, त्यामुळे प्रकाशावर त्यांचा प्रभाव मोठा. मांडणी जरा वाकडी झाली की ती सरळ रेषा मोडते, इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात परत अडकतात आणि प्रकाशाला कमी दाद देतात. जर्मनीतल्या आखेनच्या मथियास वुट्टिग यांच्या गटाने २००८ साली हे प्रकाशमापनातून दाखवलं. अशा बंधांना नेमकं कोणत्या जातीत बसवायचं यावर आजही विद्वानांत खडाजंगी चालू असते. पदार्थ बाजारात येऊन वर्षं लोटली आणि त्याचं कोडं नंतर उलगडू लागलं, असा हा उलटा क्रम.

ज्याने ही वाट पहिल्यांदा दाखवली त्या माणसाचा क्रमही उलटाच. स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की, जन्म १९२२, अमेरिकेतलं अॅक्रन शहर. लिथुआनियातून आलेल्या भंगारवाल्याचा मुलगा. शिक्षण शाळेपुरतं, हात बसलेला लेथ मशीनवर. ते दिवस ट्रान्झिस्टरचे होते आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स शुद्ध, निर्दोष स्फटिकांच्या मागे लागलेलं होतं. या माणसाने बायको आयरिसबरोबर १९६० साली डेट्रॉइटमध्ये छोटी प्रयोगशाळा थाटली आणि स्फटिक सोडून विस्कटलेल्या, काचेसारख्या पदार्थांना हात घातला. १९६८च्या नोव्हेंबरात ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्यांचा निबंध आला: असे विस्कटलेले पातळ थर विजेच्या धक्क्याने कळ दाबल्यासारखे दोन अवस्थांत उलटसुलट होतात. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. पदवीधर मंडळींच्या भुवया वर गेल्या ते वेगळं सांगायला नको. १९७१मध्ये ओव्शिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तोच पालट विजेऐवजी लेसरने करून दाखवला. पुसता येणाऱ्या चकतीचा पाया तिथे घातला गेला, पण चकती घरात यायला आणखी पाव शतक लागलं.

पाव शतक लागण्याचं कारण एकच: पुरेसा चपळ पदार्थ सापडत नव्हता. जो पदार्थ वर्षानुवर्षं विस्कटलेला राहतो तो पुसताना रांगेत यायला वेळ लावतो. जो झटकन रांगेत येतो तो कपाटात ठेवल्या ठेवल्याच लिहिलेलं विसरतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आपण जिला पॅनासोनिक म्हणतो तिथे, नोबोरू यामादा आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मिश्रणांमागून मिश्रणं तपासली. १९८७मध्ये त्यांनी जीएसटीचं कुटुंब पुढे आणलं: खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं जसंच्या तसं, आणि दीडशे अंशांच्या पुढे तापवलं की अब्जांश सेकंदांच्या हिशेबात रांगेत. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणारा पदार्थ. डीव्हीडी-रॅममध्ये हाच वापरला गेला. १९९७मध्ये आलेल्या सीडी-आरडब्ल्यूत त्याचं चांदी-इंडियमवालं चुलत भावंड होतं.

या सगळ्या कुटुंबाचा कर्ता म्हणजे टेल्युरियम. जमिनीच्या कवचात हा सोन्याइतकाच दुर्मीळ, किंबहुना जास्तच. त्याच्या नादाला लागलेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ लागतो आणि तो बरेच दिवस जात नाही. त्याच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीतच. तांबं विजेने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो चिखल साचतो त्यात सोनं, चांदी, सेलेनियम यांच्या संगतीला तो सापडतो. देवरीकरांसाठी हे अगदीच परक्या मुलखातलं नाही. गोंदिया ओलांडून उत्तरेला गेलं की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, आणि तिथे मलाजखंडची तांब्याची खाण, देशातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक. तिथल्या तांब्याला रोहित्राची तार होण्यापलीकडेही नातेवाईक असतात, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

चकत्या संपल्या तेव्हा या पदार्थांचंही संपलं असं अनेकांना वाटलं. मात्र काही जणांनी चकतीवरून नजर हटवून निव्वळ पापुद्र्याकडे पाहिलं. त्यांत एक नाव आपल्या ओळखीच्या वाटेवरचं आहे: हरीश भास्करन. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून, १८५४ साली सुरू झालेल्या आपल्या सीओईपीतून, पदवी घेतली. पुढे अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात डॉक्टरेट, आणि आता ऑक्सफर्डला प्राध्यापक. २०१४ साली पेमान हुसेनी, डेव्हिड राइट आणि भास्करन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी काय केलं ते समजण्यासाठी आधी महामार्गाच्या कडेला जाऊ.

नागपूरहून रायपूरकडे निघालं की साकोलीनंतर रान लागतं, मग देवरी, आणि थोड्या अंतरावर छत्तीसगडची हद्द. रात्रंदिवस ट्रक. पावसाळ्यात ढाब्यासमोरच्या डबक्यावर गळलेल्या डिझेलचा तवंग पसरतो आणि त्यात मोरपंखी, जांभळे, सोनेरी पट्टे दिसतात. डिझेलच्या अंगी यांतला एकही रंग नाही. तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही रंगांची बेरीज होते, काहींची वजाबाकी. तवंग पातळ-जाड होईल तसा रंग सरकतो. म्हणजे रंग हवा असेल तर रंगद्रव्यच पाहिजे असं नाही. नेमक्या जाडीचा पापुद्रा पुरतो.

ऑक्सफर्डच्या मंडळींनी आरशासारख्या धातूवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिला (मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये हाच असतो), त्यावर अवघ्या सात नॅनोमीटरचा जीएसटी, आणि वर पुन्हा पारदर्शक थर. सात नॅनोमीटर म्हणजे वीसेक अणूंची उंची. खालच्या पारदर्शक थराची जाडी बदलली की अख्ख्या नमुन्याचा रंग बदलतो. आणि आता खरी गंमत: जाडी तीच ठेवून जीएसटीला विजेचा टोला दिला, अणू विस्कटलेल्यातून रांगेत आले, की रंग पुन्हा वेगळा. वीस अणूंच्या थराने आपली मांडणी बदलली आणि डोळ्याला दिसेल असा रंग पालटला. त्यांनी सूक्ष्म सुईच्या टोकाने यावर चित्रं काढली. एकेक चित्र सुमारे ७० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे केसाच्या जाडीएवढं. एकेक ठिपका ३०० नॅनोमीटर लांब-रुंद करता येतो हेही दाखवलं. मोबाइलच्या पडद्यावरच्या ठिपक्यापेक्षा तो शेकडो पटींनी लहान.

या रंगाला वीज लागते ती फक्त बदलताना. एकदा बदलला की वीज काढून घ्या, रंग तसाच राहतो. शिवाय तो स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरून पडलेला उजेड परतवतो. मे महिन्याच्या दुपारी देवरीच्या बस स्टँडवर उभं राहून मोबाइलवर तळहाताची सावली धरून नंबर वाचायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. असा पडदा जेवढं ऊन जास्त तेवढा स्पष्ट. २०१५मध्ये या कामातून बोडल टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी निघाली. दुकानात जाऊन असा फोन मागितला तर मात्र आजही मिळणार नाही. प्रयोगशाळेतल्या केसाएवढ्या चित्रापासून हातातल्या पडद्यापर्यंतचं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजता येत नाही.

दुसरी वाट हिशेबाची. २०१५ सालीच भास्करन, जर्मनीतले वोल्फ्राम पेर्निस आणि सहकाऱ्यांनी चिपवरच्या प्रकाशवाहिनीच्या अंगावर जीएसटीचा चिमुकला तुकडा बसवला. वाहिनीतून जाणाऱ्या प्रकाशाचा काही भाग या तुकड्याला चाटून जातो. तुकडा रांगेत असेल तर जास्त प्रकाश गिळतो, विस्कटलेला असेल तर कमी. आणि अर्धवट रांगेत ठेवला तर? मग मधल्या पायऱ्या मिळतात. त्यांनी एका तुकड्यात आठ वेगवेगळ्या पायऱ्या साठवून दाखवल्या.

यात गुणाकार दडलेला आहे, आणि तो मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. समजा तुकडा असा ठेवला आहे की तो प्रकाशाचा ०.६ भाग पुढे सोडतो. आत ०.५ इतका प्रकाश पाठवला. बाहेर आला ०.३. झाला गुणाकार! कुणी पाढे म्हटले नाहीत, कुठे ट्रान्झिस्टरची उघडझाप झाली नाही. प्रकाश नुसता चालत गेला. अनेक वाहिन्यांतला प्रकाश एकत्र केला की बेरीज. त्यात वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेळी पाठवला तर सगळे हिशेब एकदम. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं दळण म्हणजे मुख्यतः असे गुणाकार आणि बेरजाच. २०२१च्या आरंभी याच गटांनी ‘नेचर’मध्ये सेकंदाला लाख कोटी गुणाकार-बेरजांच्या घरात जाणारी प्रकाशाची चिप मांडली. हे उद्या आपल्या टेबलावर येईल असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. अचूकतेत नेहमीचा संगणक पुढे आहे आणि प्रकाश निर्माण करणं, मोजणं यालाही वीज लागतेच. पण साठवण आणि हिशेब एकाच ठिपक्यात उरकतात, ही कल्पना टिकणारी आहे.

जीएसटीचा एक दोष म्हणजे तो प्रकाश गिळतो फार. त्यामुळे प्रकाश फार न गिळता नुसता वळवणाऱ्या पदार्थांचा शोध चालू आहे, आणि त्यात एक जुना पाहुणा परत आला आहे. अँटिमनी सल्फाइड. हाच खनिज सुरमा. बायाबापड्यांनी शतकानुशतकं डोळ्यांत घातलेला. सिंगापूर आणि साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१८ ते २०२०च्या सुमारास दाखवलं की याचा पातळ थरही विस्कटतो, रांगेत येतो, आणि दृश्य प्रकाशाच्या मोठ्या भागात बराच पारदर्शक राहतो.

आता देवरीच्या घरावर येऊ. गोंदिया जिल्ह्याच्या हवामानाचा हिशेब दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत थंड ठिकाण म्हणून पेपरात गोंदियाचंच नाव वारंवार येतं. जुन्या कवेलूच्या घराला हा दुहेरी मार बऱ्यापैकी सोसायचा. सिमेंटच्या स्लॅबला आणि टिनाला तो सोसत नाही. उन्हाळ्यात स्लॅब साठ अंशांच्या घरात तापतो आणि रात्रभर घरात उष्णता ओततो.

इथे एक निराळा पापुद्रा कामाचा आहे, व्हॅनेडियम डायऑक्साइडचा. १९५९ साली बेल लॅब्जमध्ये एफ. जे. मोरिन यांना आढळलं की ६८ अंशांना हा पदार्थ एकदम पालटतो. तो वितळत नाही, विस्कटत नाही. थंड असताना त्यातले व्हॅनेडियमचे अणू जोड्यांनी बसलेले असतात, ६८ अंशांना जोड्या सुटतात आणि बांधलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. थंड असताना अवरक्त किरणांना वाट देणारा थर तापल्यावर त्यांना परतवू लागतो. दृश्य प्रकाश जवळपास तेवढाच येत राहतो. सूर्याच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास वाटा अवरक्त किरणांचा. म्हणजे खिडकीची काच उजेड आत घेईल आणि तापल्यावर उष्णतेला आपणहून दार लावेल. बटण नाही, वीज नाही, लोडशेडिंगचा प्रश्न नाही. जीएसटीशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो: जीएसटीला आठवण असते, तो सांगितलेल्या अवस्थेत राहतो. व्हॅनेडियमवाल्याला आठवण नाही, निवला की मूळपदावर. चकतीला पहिला हवा, घराला दुसरा.

६८ अंश खिडकीसाठी फारच वर आहेत. पण शेकडा एक-दोन अणू टंगस्टनचे मिसळले की ती पायरी खोलीच्या तापमानाजवळ आणता येते. २०२१च्या डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या जुन्चाओ वू यांच्या गटाने टंगस्टन मिसळलेल्या याच पदार्थाचा छपरावर लावायचा लेप मांडला. ३० अंशांच्या वर तो आपली उष्णता अवरक्त किरणांतून आकाशाकडे फेकतो, सुमारे ९० टक्के क्षमतेने. १५ अंशांच्या खाली ही क्षमता २० टक्क्यांवर येते आणि छप्पर ऊब धरून ठेवतं. उन्हाळ्यात पाठवणी, हिवाळ्यात राखण. गोंदियाच्या दुहेरी हवामानासाठी याहून नेमकी मागणी मला तरी सुचत नाही.

अडचणी आहेतच. काचेवर हा थर पिवळट-तपकिरी छटा देतो; हवेत राहून तो आणखी ऑक्सिजन धरतो आणि पालटणं विसरतो. आणि निर्वात पेटीत बनवलेला पापुद्रा गावातल्या स्लॅबच्या मापाचा करायचा तर खर्च आवाक्याबाहेर. या शेवटच्या अडचणीवर मराठी मुलखातच एक हाताशी येईल असं काम झालेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी चंचुपात्रातल्या द्रावणातून पातळ थर वाढवण्याची रीत, तर प्रमोद पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर बनवण्याची रीत, अशी निर्वात पेटीशिवाय चालणारी कामं वर्षानुवर्षं केली. फवाऱ्याच्या रीतीवरचा पाटील यांचा १९९९चा आढावा जगभर वाचला जातो. त्यांच्या गटाचा भर विजेने रंग पालटणाऱ्या टंगस्टन ऑक्साइडसारख्या थरांवर. ती जात वेगळी. पण स्वस्तात मोठा पापुद्रा कसा बनवायचा याचं शहाणपण तिथे आहे, आणि छपराला नेमकं तेच हवं आहे.

पडदे आणि प्रकाशाचे संगणक पुण्या-बंगळुरूला लखलाभ होवोत. गोंदिया-भंडाऱ्याच्या इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या विषयात हात घालायचा असेल तर त्याने छप्पर निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न घरचा आहे आणि तपासणीसाठी ४५ अंशांचं ऊन फुकट आहे. बाकी वाचकांसाठी एवढंच: टंगस्टनवाला लेप अजून दुकानात नाही. या मे महिन्यात स्लॅबवर चुनाच मारा. दोन हात द्या, आणि ऊन चढायच्या आत उरका.